पाटीची मागची बाजू : अमेरिकेतल्या जुन्या गॅस स्टेशनच्या पाट्या

गंजका_खिळा (धागाकर्ता)

आमच्या गराजात गाडी सोडून सगळं आहे. भिंतींवर अकरा पाट्या, फळीवर पंपाच्या डोक्यावर बसायचे काचेचे दोन गोळे आणि कोपऱ्यात टायरमध्ये हवा भरायचं एक यंत्र, जे हवा सोडून सगळं सोडतं. बायको याला भंगार म्हणते. तिचं फारसं चुकत नाही, यातल्या चार वस्तू खरोखरच भंगारवाल्याकडून आणल्यात. गप्पांच्या पानावर मी मागे एक फोटो टाकला तेव्हा 'सविस्तर लिहा' असं तिघाचौघांनी म्हटलं होतं, म्हणून हा धागा.

इकडे जुन्या पंपांशी संबंधित वस्तूंना 'पेट्रोलियाना' म्हणतात. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे, त्यावरचे विनोद कृपया नकोत, सगळे ऐकून झालेत.

सुरुवातीला स्टेशनंच नव्हती तर पाट्या कुठून असणार? गाडीवाला हार्डवेअरच्या नाहीतर किराणा दुकानातून डब्यानं पेट्रोल आणायचा आणि नरसाळं लावून टाकीत ओतायचा. १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीनं पिट्सबर्गमध्ये बॉम बुलेवार्डवर खास मोटारींसाठी बांधलेलं स्टेशन उघडलं. रस्त्यावरून गाडी आत वळवायची, छपराखाली उभी करायची. पहिल्या दिवशी ३० गॅलन खपलं, गॅलनला २७ सेंट. हवा आणि पाणी फुकट. पुढे एकेका चौकात तीन-तीन कंपन्या आल्या आणि खरी पंचाईत झाली. पेट्रोल सगळ्यांचं दिसायला तेच, वासाला तेच. धावत्या गाडीतल्या माणसानं डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे ठरवणार कोण? पाटी. या कंपन्या खरं तर पाटी विकत होत्या, पेट्रोल तिच्यासोबत मिळायचं, असं माझं लाडकं मत आहे. यावर भांडायला केव्हाही तयार.

इतक्या कंपन्या आल्या कुठून, तर १९११ साली सर्वोच्च न्यायालयानं रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे केले. भावांच्या वाटण्या झाल्या तरी आडनाव सगळ्यांकडे राहतं, तसं 'स्टँडर्ड' हे नाव बऱ्याच जणींकडे राहिलं, फक्त राज्यं वाटून घेतली. न्यू जर्सीच्या शाखेनं एस आणि ओ या अक्षरांवरून 'एसो' काढलं. बाकीच्या भावंडांनी कोर्टात धाव घेतली, हे आमच्याच आडनावाचं लघुरूप आहे म्हणून. त्यामुळे कित्येक राज्यांत त्यांना एसोऐवजी 'एन्को' किंवा 'हंबल' अशा पाट्या लावाव्या लागल्या. शेवटी १९७२ साली कंटाळून 'एक्सॉन' हे कशाचाच अर्थ नसलेलं नाव घेतलं. शेवरॉन (हीसुद्धा त्या तुकड्यांतलीच एक) मात्र आजही आपल्या जुन्या राज्यांत एखाद्याच स्टेशनावर 'स्टँडर्ड' अशी पाटी लावून ठेवते, नावावरचा हक्क सुटू नये म्हणून. गावाकडच्या पडक्या घराची घरपट्टी दरवर्षी न चुकता भरणारा चुलता आठवतो.

आता मुद्द्याचं. या जुन्या पाट्यांवर रंग नसतो, काच असते. लोखंडी पत्र्यावर काचेचा चुरा भाजून चिकटवलेला. माझ्याकडे मोबिलच्या उडत्या लाल घोड्याची पंपावरची पाटी आहे. डोळे मिटून तिच्यावर बोट फिरवलं तर घोडा कुठे सुरू होतो ते कळतं. पांढऱ्यावरून लालवर जाताना नखाला हलकी पायरी लागते. ७०-८० वर्षं ऊन-पाऊस खाऊनही तो लाल तसाच आहे. हा घोडा मूळचा व्हॅक्यूम ऑइल कंपनीचा; १९३१ साली ती सोकोनीत (स्टँडर्डचीच न्यूयॉर्कची शाखा, पुढे तीच मोबिल झाली) विलीन झाली तेव्हा हुंड्यात आल्यासारखा इकडे आला. १९३४ साली डॅलसमध्ये मॅग्नोलिया इमारतीवर असाच घोडा निऑनमध्ये चढवला होता, तो कित्येक मैलांवरून दिसायचा म्हणतात.

पण पहिली पाटी घेताना मी सपशेल फसलो, ते सांगितल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही. ओहायोतल्या एका रविवारच्या बाजारात टेक्साकोची ३० इंची गोल पाटी, लाल चांदणी, हिरवा टी, कडेला गंज, भोकांपाशी टवके. ३५० डॉलर मोजले. घरी आणून भिंतीला लावली, मित्रांना जेवायला बोलावलं. सहा महिन्यांनी एक म्हातारा संग्राहक कॉफीला आला आणि पाटीसमोर उभा राहून हसायलाच लागला. म्हणाला, टीची कड बघ. काळी आहे. ही धाटणी चाळीसच्या दशकापर्यंतची, नंतर पांढरी कड आली. खाली तारीख मात्र पन्नासच्या दशकातली. मग त्यानं पाटी उलटी केली. मागची बाजू पुढच्यापेक्षा नवी कोरी! पाऊस काय पुढूनच पडला इतकी वर्षं? आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, 'यातल्या पुष्कळशा तुमच्या भारतातून येतात.'

तेव्हापासून मी आधी मागची बाजू बघतो.

वळणवाट

हवा सोडून सगळं सोडणारं यंत्र!! :))
वाचनखूण साठवली. फोटो टाका ना त्या फसलेल्या पाटीचा.

तिरकस_रेघ

लेख चांगला, पण एक व्यवहारी प्रश्न. यात पैसे सुटतात का? कुठेतरी वाचलं की एक पाटी दशलक्ष डॉलरच्या वर गेली.

गंजका_खिळा

@तिरकस_रेघ, ती मस्गो गॅसोलीनची. मिशिगनमधली छोटी कंपनी, फार काळ टिकली नाही. मूळ अमेरिकन सरदाराचं चित्र असलेली दुहेरी पाटी, २०२२ साली लिलावात १५ लाख डॉलरला गेली. कंपनी जितकी लवकर बुडाली तितक्या पाट्या कमी, तितका भाव जास्त, असा हा उलटा बाजार आहे. पण ते बघून कुणी यात उतरू नये. माझ्या अकरा पाट्यांपैकी नऊ विकल्या तर घातलेले पैसे जेमतेम परत येतील. दोन विकणार नाही, त्यामुळे त्यांचा हिशेब मांडत नाही.

@वळणवाट, ती पाटी आता धुलाई यंत्राच्या मागे आहे, संध्याकाळी काढतो.

भट्टीवाला

धागा वाचून अंगाला जुना घाम सुटला. माझ्या मामांचा एनॅमलच्या पाट्यांचा छोटा कारखाना होता, कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथं काढल्यात. घरांचे नंबर, खांबावरची कवटीवाली 'धोका', असा माल. तुम्ही 'काच भाजून चिकटवलेली' असं एका ओळीत उरकलंत, त्यात माणसाची हाडं मोडतात हो!

पत्रा आधी तेल काढून, आम्लात बुडवून धुवायचा. त्यावर बोटाचा ठसा जरी राहिला तरी तिथला थर पुढे फुगतो. मग पहिला हात, त्याला आम्ही 'ग्राउंड' म्हणायचो. काचेचा चुरा, चिकणमाती, पाणी चक्कीत दळून ताकाइतकं पातळ करायचं आणि पत्रा त्यात बुडवून निथळायचा. या पहिल्या हातात कोबाल्ट असतं, त्याच्यामुळे काच लोखंडाला धरून बसते, आणि त्याच्यामुळेच हा थर निळा-काळा. जुन्या पाटीचा टवका उडाला की आधी हा काळपट थर दिसतो, त्याच्या आत लोखंड आणि गंज. टवक्याखाली थेट चकचकीत पत्रा किंवा पांढरी लांबी (पुट्टी) दिसली तर समजा काहीतरी गडबड आहे.

भट्टी ८०० अंशांच्या आसपास, आत पाटी काही मिनिटंच. बाहेर येते तेव्हा सगळी केशरी असते. पांढरं कुठलं, निळं कुठलं, काही ओळखू येत नाही. थंड होताना एकेक रंग वर येतो. ते बघायला मी रोज भट्टीच्या तोंडाशी उभा राहायचो आणि मामांच्या शिव्या खायचो. दुसरा रंग द्यायचा तर ओला हात वाळवायचा, वर पत्र्याची स्टेन्सिल ठेवायची, नको तिथली पूड ब्रशनं झाडून टाकायची, पुन्हा भट्टी. प्रत्येक रंगाला हे सगळं. तुमच्या नखाला लागणारी पायरी ती हीच.

आता जरा अवघड बोलतो. तुमच्या टेक्साकोला तुम्ही नकली म्हणता, ते मला पटलेलं नाही. एनॅमल अस्सल आहे. पत्रा अस्सल, मेहनत अस्सल. खोटे आहेत ते तारीख आणि गंज. एक निर्यातवाला आमच्याकडे अशाच पाट्यांचे नमुने घेऊन यायचा, हॉटेलांत सजावटीला लागतात म्हणायचा. आम्ही नव्या कोऱ्या पाट्या द्यायचो. पुढे एकदा त्याच्या गोदामात गेलो तर एक माणूस स्टुलावर बसून छोट्या हातोडीनं भोकांच्या कडा ठोकत होता. ठोकून झालं की मिठाचं पाणी. दिवसभर त्याचं तेच काम.

गंजका_खिळा

@भट्टीवाला, दंडवत! दहा वर्षं मी या पाट्या गोळा करतोय, पण भट्टीतून बाहेर येताना त्या एकरंगी असतात हे आज कळलं.

तुमचा मुद्दा मान्य, अर्धा. नवी म्हणून ८० डॉलरला विकली असती तर मी आनंदानं घेतली असती. मिठाच्या पाण्याचे २७० डॉलर जास्त गेले, दुखतं ते तिथं. आणि खरी भोकं कशी दिसतात ते सांगायला हवं : बोल्ट आवळताना टवके उडतात ते वॉशरच्या गोलाईत. वरच्या भोकांखाली गंजाचा ओघळ असतो, तो खालच्या दिशेनंच जातो. माझ्या पाटीवरचा एक ओघळ चक्क तिरका वर गेलाय. स्टुलावरच्या माणसानं पाटी उलटी धरली असणार.

एक विचारू का? चांदणीच्या खालच्या डाव्या टोकाला बारीकसा निळा ठिपका आहे. तुमच्या मामांकडचा तर नव्हे?

भट्टीवाला

निळ्या ठिपक्याची शपथ घेता येत नाही, पण आमच्याकडे निळ्याचा आणि लालचा ब्रश एकाच डब्यात असायचा. मी गप्प बसतो.

मधली_सुट्टी

रसायनशास्त्राची शिक्षिका असल्यामुळे मला यातली एकच पाटी माहीत आहे : 'एथिल'. पिवळा त्रिकोण, मागे किरणं. त्या नावामागची गोष्ट सांगते.

१९२१ साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिज्ली आणि सहकाऱ्यांना शोध लागला, की टेट्राएथिल लेड अगदी थोडं घातलं तरी इंजिनाची ठकठक थांबते. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्याच डेटनमध्ये ते पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. रसायनाच्या नावात दोन शब्द आहेत, पाटीवर एकच आला. लेड म्हणजे शिसं गाळलं आणि उरलं एथिल, ऐकायला एखाद्या मुलीचं नाव. शिसं विषारी आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. १९२४ साली न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. पुढच्या वर्षी विक्री थांबली, चौकशी झाली, आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद व्हायला १ जानेवारी १९९६ उजाडलं. इतकी वर्षं ती पिवळी पाटी 'आमचं पेट्रोल जास्त चांगलं' म्हणून झळकत होती.

गंजका_खिळा

@मधली_सुट्टी, माझ्याकडे याचीच दुसरी बाजू आहे. पंपाच्या खालच्या अंगाला लावायची छोटी पाटी असायची, 'यात शिसे आहे, फक्त मोटारीचे इंधन म्हणून वापरावे' अशा अर्थाची. लोक त्या पेट्रोलनं हात धुवायचे, कपड्यांचे डाग काढायचे, त्यांच्यासाठी. मोठ्या पाटीवर एथिल, बारक्या पाटीवर शिसं. बाजारात मोठीला गिऱ्हाईक फार. बारकी मला १५ डॉलरला पडली. न विकायच्या दोनांतली ती एक.

ओसरी

सगळे इतके रमलेत की विरस करायला जीव होत नाही, तरी लिहिते. या पाट्यांचं जे 'जुनं सोन्याचं युग' म्हणून कौतुक होतं, त्या काळात दक्षिणेतल्या कित्येक स्टेशनांवर स्वच्छतागृहाच्या दारावरही पाट्या असायच्या, गोऱ्यांसाठी वेगळ्या आणि काळ्यांसाठी वेगळ्या. कुठे काळ्यांसाठी दारच नसायचं. पेट्रोलचे पैसे घेणार, पण आत जाऊ देणार नाहीत. म्हणून तर हार्लेमच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाटप्यानं १९३६ पासून 'ग्रीन बुक' काढलं, कुठे थांबता येईल, कुठे जेवता येईल याची यादी. तुमच्या भिंतीवर ही बाजू आहे का?

गंजका_खिळा

@ओसरी, विरस कसला. नाही, माझ्या भिंतीवर तसली पाटी नाही, आणि लावणारही नाही. बाजारात मात्र त्या दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक अलीकडे बनवलेल्या असतात, म्हणजे कुणीतरी आज बसून त्या भाजतंय. याचा मला त्या पाटीइतकाच त्रास होतो.

तुम्ही सांगितलेल्या पुस्तकाचा पाट्यांशी एक धागा आहे. ते विकत मिळण्याची मोठी जागा एसोची स्टेशनं होती. एसो काळ्या व्यावसायिकांनाही स्टेशनं चालवायला देत असे, जे तेव्हा बाकीच्या कंपन्यांत विरळा. त्यामुळे रात्री अनोळखी रस्त्यावर लांबून दिसणारी ती लंबगोलातली लाल अक्षरं काही प्रवाशांना वेगळ्याच अर्थानं वाचता येत असणार. हे मी 'पाटी विकत होते' या माझ्या लाडक्या मतात धरलंच नव्हतं.

नदीकाठ

बॉस्टनकर हजर! पाट्यांवरून लोक भांडतात याचा पुरावा आमच्या केनमोर चौकात उभा आहे. ६० फूट बाय ६० फूट सिटगोची पाटी, पांढऱ्या चौकोनात लाल त्रिकोण. १९४० मध्ये तिथं सिटीज सर्व्हिसची (सिटगोचं जुनं नाव) पाटी होती, १९६५ मध्ये आताचं चिन्ह आलं. १९७९ साली वीज वाचवायची म्हणून दिवे बंद केले. १९८३ मध्ये उतरवायला माणसं आली तर लोकांनी असा गलका केला की उतरवणं राहिलं बाजूला, दुरुस्त करून पुन्हा पेटवली. बेसबॉलच्या सामन्यात ती मैदानाच्या डाव्या भिंतीच्या वर दिसते, माझ्या मुलीला लहानपणी तो खेळाचाच भाग वाटायचा.

गंजका_खिळा

@नदीकाठ, असाच दंगा '७६' नावाच्या पंपांवरच्या केशरी गोळ्यावरून झाला. १९६२ च्या सिएटलच्या जागतिक प्रदर्शनासाठी रे पेडरसन यांनी तो रचला. २००५ पासून मालक कंपनी तो उतरवून सपाट लाल पाट्या लावायला लागली, तेव्हा लोकांनी मोहीमच उघडली. काही गोळे वाचले, काही संग्रहालयांत गेले. सिनसिनाटीला पाट्यांचं आख्खं संग्रहालय आहे, कुणी इकडे आलात तर मी स्वखर्चानं घेऊन जाईन. (तिकिटाचा स्वखर्च, जेवण तुमचं.)

चिंचेचा_पार

आपल्याकडच्या पंपांवरही लिहा की! एसो १९७४ मध्ये सरकारनं घेतलं आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झालं, बर्मा-शेल १९७६ मध्ये. त्यांच्या पाट्या कुठे गेल्या असतील?

गंजका_खिळा

@चिंचेचा_पार, त्याला वेगळा धागा हवा आणि तो तुम्हीच काढा. इकडच्या कुठे गेल्या ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढिगानं वितळल्या. पन्नास-साठच्या दशकांत आतून दिवा लागणाऱ्या प्लास्टिकच्या पाट्या आल्या. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्यानं मोठ्या रस्त्यांकडेच्या जाहिरातींवर बंधनं आणली. उरल्या त्या शेतकऱ्यांनी नेल्या. कोठाराच्या छपराला ठिगळ, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, विहिरीवरचं झाकण. माझी गल्फची पाटी एका गोठ्याची खालची फळी होती. तिच्या एका कडेला गाईनं अंग घासून घासून चकाकी घालवली आहे. ती दुसरी न विकायची.

सरळसोट

आजवर वाचनमात्र होतो, हा धागा वाचून खाते उघडलं. मी मिशिगनमध्ये शिकतो. घरमालक आजोबांच्या गराजात, जमिनीलगत भिंतीवर एक पाटी ठोकलेली आहे. लाल अग्निशामक टोपी, 'फायर-चीफ गॅसोलीन', टेक्साको. साधारण १२ बाय १८ इंच. खाली बारीक अक्षरांत 'मेड इन यू. एस. ए.' आणि ३-१०-४७. खरी असेल का काका?

गंजका_खिळा

स्वागत! टेक्साकोच्या पाट्यांवर तारीख असते हे खरं, ही १० मार्च १९४७ झाली (इकडे महिना आधी लिहितात). पण नक्कल करणारा सगळ्यात आधी तारीखच उचलतो, तेव्हा तिच्यावर जाऊ नकोस. चार गोष्टी कर. लोहचुंबक लावून बघ, सगळीकडे सारखाच चिकटला पाहिजे. कुठे ढिला पडला तर तिथं लांबी भरलेली असेल. जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मिळाली तर अंधारात मार, नंतर लावलेला रंग वेगळा उठून दिसतो. भोकांपाशी टवके बघ, त्यात काळपट निळा थर दिसतो का ते. आणि आजोबांची परवानगी काढून पाटी उलटी कर.

सरळसोट

चुंबक सगळीकडे घट्ट. टवक्यात आधी काळं-निळं, मग गंज, अगदी भट्टीवाला काकांनी लिहिलंय तसं. ओघळ खालीच गेलेत. बॅटरी नाही मिळाली.

उलटी मात्र करता आली नाही. आजोबा म्हणाले, सत्तरच्या दशकात तिथून उंदीर यायचे म्हणून त्यांनी ती ठोकली, आणि ती काढली तर उंदीर परत येतील. बारा खिळे आहेत. सहा टोपीतूनच गेलेत.

भट्टीवाला

टोपीतून सहा खिळे!! आई गं.

गंजका_खिळा

खिळ्यांच्या भोवतीचे टवके कसे आहेत, गोल की लांबट? शक्य असेल तर फोटो टाक. आणि आजोबांना माझा नमस्कार सांग.